सासूबाईंच्या गाडीचा चौथा सिलिंडर

सासूबाईंची गाडी येते आहे हे मिस्त्रींना ती दिसण्याआधीच कळलं. गल्लीच्या तोंडापासून ती ठेचकाळत, धक्के खात येत होती. इंजिनात चार सिलिंडर. चौघांनी पाळीपाळीने जोर लावायचा. त्यातला एक अंग काढून नुसताच सोबत फिरत होता, हे बहिऱ्यालाही ऐकू आलं असतं. मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. सुट्टीचा दिवस होता. शटर अर्धं उघडलेलं होतं, ते तसंच खाली ओढावं, आतून कडी लावावी आणि कुणी विचारलं तर गावाला गेलोय म्हणून सांगावं, असं त्यांना मनापासून वाटलं. तेवढ्यात हॉर्न वाजला. सासूबाई हॉर्न एकदाच देत. दुसऱ्यांदा द्यायची वेळ त्यांच्यावर आजवर कुणी आणली नव्हती.

मिस्त्रींचा वैताग गाडीचा नव्हता. गाडी काय, लोखंड ते, बिघडतंच. वैताग होता आदल्या रात्रीच्या जेवणाचा. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच बायकोने सुरुवात केली होती.

"उद्या आई गाडी घेऊन येतेय तुमच्याकडे. बघा, आणि सांगून टाका, आता नाही होत."

"काय नाही होत?"

"गाडी दुरुस्त नाही होत. इंजिन गेलं म्हणा, काहीही म्हणा. तुम्ही म्हणालात की मानेल ती. आमचं कुणाचं ऐकणार आहे का?"

"अगं, पण न बघताच कसं म्हणू?"

"मग बघा ना! नाही कोण म्हणतंय? बघा, आणि मग म्हणा नाही होत."

सासूबाईंना चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःच्याच फाटकाच्या खांबाला गाडी घासली, त्याआधी एका दुकानाची पाटी पाडली. मुलगा आणि मुलगी दोघंही धास्तावली होती. आईने आता गाडी चालवू नये, यावर दोघांचं पूर्ण एकमत होतं. फक्त हे आईला सांगायचं कुणी यावर नव्हतं. कारण आई म्हणजे साधीसुधी बाई नव्हे. तीस वर्षं मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होती. भलेभले सर्जन तिला पाहून बुटांना लागलेला चिखल पुसायचे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची ती कुणी, याचा बहीणभावांनी महिनाभर फोनवर काथ्याकूट केला, आणि शेवटी घंटा जावयाच्या हातात दिली. गाडी मेली की प्रश्न मिटला. आईला कुणी काही बोललं नाही, गाडीच बिचारी दगावली.

बरं, जावई कुठला निवडला? ज्याला नेमकं हेच जमत नाही तो.

मिस्त्री कधी खोटंच बोलत नसत अशातला भाग नाही. गोळी घेतली का म्हटलं की न घेता हो म्हणत. शेजाऱ्याने शिडी मागितली तर असलेली शिडी नाही म्हणून सांगत. पण गाडीच्या बाबतीत त्यांची जीभ वळायचीच नाही. सख्खा भाऊ एकदा आपली गाडी विकत होता. गिऱ्हाईक समोर उभं. भाऊ कौतुकाने म्हणाला, "आमचा दादाच सांगेल, कशी आहे ती." दादाने सांगितलं, की तिसऱ्या गिअरला रडते आणि पावसात पुढच्या सीटखाली पाणी येतं. गिऱ्हाईक गेलं, आणि भाऊही गेला तो दोन वर्षं घराकडे फिरकला नाही. स्पेअर पार्टवाला तर त्यांना तोंडावर हरिश्चंद्र म्हणायचा. "या हरिश्चंद्र, आज कुणाचं राज्य घालवून आलात?"

ही लागण त्यांना वस्तादांकडून झालेली. शाळेने दोनदा नापास करून हात टेकले तेव्हा सोळाव्या वर्षी ते वस्तादांच्या गॅरेजात आले. वस्तादांकडे बेकरीवाल्यांच्या व्हॅन असायच्या, पाव पोचवणाऱ्या. दोन डझन व्हॅन, सगळ्या एकाच जातीच्या. दिवसरात्र त्याच उघडायच्या आणि त्याच मिटायच्या. होत असेल तर होतं म्हणावं, नसेल तर नाही म्हणावं, आणि माहीत नसेल तर गप्प बसावं, एवढंच वस्तादांचं शास्त्र. वस्ताद गेले, गॅरेज मिस्त्रींकडे आलं, बेकरीच्या व्हॅनही आल्या. एकतीस वर्षं झाली, आणि एकतीस वर्षांत मिस्त्रींनी होणाऱ्या गाडीला नाही होत म्हटलेलं नव्हतं.

"जावईबापू, आत घेऊ का?" सासूबाईंनी काच खाली करून विचारलं.

"घ्या आई, सावकाश. डावीकडे पिंप आहे."

सासूबाईंनी पिंपाला अलगद धक्का दिला. रिकामं पिंप गडगडत भिंतीला जाऊन थांबलं. "हे इथे कुणी ठेवलं?" असं म्हणत त्या उतरल्या. बरोबर स्वतःची उशी, थर्मास आणि शब्दकोड्याचं वर्तमानपत्र होतं. म्हणजे मुक्काम लांबणार होता. गाडी सोडून जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ऑपरेशन चालू असताना मेट्रन घरी जाते का? त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर उशी ठेवली आणि पान्ह्यांच्या फळीकडे नजर टाकली. "चौदा नंबरचा जागेवर नाही," त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी खिशातून चौदा नंबर काढून जागेवर टांगला.

गाडीच्या काट्यावर तीन लाख सत्त्याऐंशी हजार किलोमीटर होते. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि स्कॅनर लावला. हा स्कॅनर त्यांनी गेल्या वर्षी घेतला होता. एरवी ते असल्या दुखण्याला स्कॅनर लावत नसत. इंजिन चालू ठेवायचं, एकेका कॉइलची पिन काढायची आणि कान द्यायचा. पिन काढल्यावर इंजिन आणखी धडधडलं तर तो सिलिंडर कामाचा. काढूनही आवाजात फरक पडला नाही, तर मेलेला तोच. शेंबड्या पोरालाही कळेल असं काम. पण आज त्यांना ते काम लवकर संपवायचं होतं, मान मोकळी करायची होती, आणि उशीवरची नजर पाठीत रुतत होती. स्कॅनर म्हणाला, चौथा सिलिंडर मिसिंग, म्हणजे पेट घेत नाही.

"चौथा," मिस्त्री म्हणाले. "प्लग नाहीतर कॉइल. प्लग ठिणगी देतो, कॉइल त्याला वीज देते. प्लग चारही बदलू, जुने झालेत. कॉइल एक बदलू."

"एकच?"

"बाकीच्या तीन चालतायत ना. चालतंय ते कशाला फेकायचं?"

"बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि आज पहिल्यांदा आणि शेवटचं दोघांचं एकमत झालं.

जुन्या गाडीचं कुठलंही काम एक काम नसतं. कॉइलची पिन काढायला गेलं तर प्लास्टिकची कडी पापडासारखी मोडली. दुसरी पिन हळू काढली, तीही मोडली. एका कॉइलचं रबरी टोक प्लगलाच चिकटून आत राहिलं, कॉइल तेवढी हातात आली. ते लांब चिमट्याने तुकड्यातुकड्याने उकरून काढावं लागलं. वरच्या झाकणाचं गॅस्केट झिरपून चारही प्लगांच्या खड्ड्यांत कमीजास्त तेल साचलेलं. ते चिंधीने टिपता टिपता मिस्त्रींची कंबर धरली. मग प्लग. तिसरा प्लग हलेना. जोर लावावा तर प्लगबरोबर इंजिनाच्या हेडचे आटे निघून यायची भीती, आणि आटे गेले की मग खरंच नाही होत. त्यांनी तेल सोडलं, इंजिन जरा गरम केलं, पाव वळसा सोडला, पुन्हा आवळला, पुन्हा सोडला. कानशिलावरून घाम ओघळत होता. तासभराने प्लग किरकिरत बाहेर आला.

"आडवा शब्द, चार अक्षरी. हट्टी माणूस," मागून सासूबाई म्हणाल्या.

"मला नाही येत कोडी, आई."

"दुराग्रही. जमलं."

काढलेल्या कॉइल मिस्त्रींनी फडक्यावर ओळीने मांडल्या होत्या. ज्या सिलिंडरची कॉइल त्याच सिलिंडरला परत, ही त्यांची शिस्त. पुढे नेमकी हीच शिस्त नडली. अदलाबदल झाली असती तर दुखणं जागा बदलून बोंबललं तरी असतं. चार नवे प्लग बसले, टॉर्कच्या पान्ह्याने मोजून आवळले, चौथ्याला नवी कोरी कॉइल बसली. मिस्त्रींनी चावी फिरवली.

गाडी जशी आली होती तशीच धडधडली.

"हे असंच असतं का?" सासूबाईंनी विचारलं.

मिस्त्रींनी स्कॅनर पुसून पुन्हा लावला. चौथा. नवी कॉइल खराब निघाली असेल म्हणून फळीवरची दुसरी नवी काढून बसवली. चौथा. वायर तपासली, ठणठणीत. इंधनाची फवारणी तपासली, ठणठणीत. मग पुन्हा प्लग काढून सिलिंडरचा दाब मोजला. तीन लाख सत्त्याऐंशी हजार चाललेल्या इंजिनाचा इतका चांगला दाब त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. आणि स्कॅनर आपला चौथा, चौथा, चौथा. मिस्त्रींना तो उचलून पिंपात टाकावासा वाटला. साडेतीन तास झाले होते. नखं फुटली होती, गुडघे बोलत होते. एक साधा प्लग-कॉइलचा खेळ, जो ते एका हाताने चहा पीत करायचे, तो सासूसमोर, सुट्टीच्या दिवशी, जमत नव्हता.

अशा वेळी बायकोचा फोन येतोच. हात बरबटलेले, म्हणून त्यांनी कोपराने बटण दाबून तो बाकावरच मोठ्या आवाजात लावला.

"काय झालं हो?"

"नाही होत गं," मिस्त्री कळवळून म्हणाले.

"अगंबाई, बरं झालं! मला वाटलंच नव्हतं तुम्ही ऐकाल. आता आईला नीट सांगा हं, एकदम नको. तिला वाईट वाटेल."

"अगं, नाही होत म्हणजे मला सापडत नाहीये! सापडलं की होईल!"

"मग आता कशाला सापडवताय?" बायको म्हणाली. "सगळं जुळून आलंय तर!"

मिस्त्रींनी कोपराने फोन बंद केला आणि मग त्यांना मागची उशी आठवली. सासूबाईंनी वर्तमानपत्राची घडी केली, घडीवर पेन ठेवलं, पेनला टोपण घातलं.

"जावईबापू, तीस वर्षं वॉर्डात काढली मी. रोग्याचे नातेवाईक डॉक्टरला व्हरांड्यात गाठून कानात काय सांगतात, ते मला तोंडपाठ आहे."

"आई, तसं नाहीये—"

"मग राहू द्या की आता. किती कष्ट घेताय? नाही होत म्हणा. टॅक्सी करून जाईन मी घरी."

सव्वीस वर्षांत मिस्त्रींनी सासूबाईंसमोर आवाज चढवला नव्हता. लग्न ठरवताना या बाईंनी मुलाची नखं पाहिली होती, तेव्हाही ते मुकाट हात पुढे करून बसले होते. पण आज त्यांचा तोल गेला.

"मला खोटारडा समजता तुम्ही? सकाळपासून ओणवा आहे मी! मोडायचीच असती तर सकाळीच नाही म्हणालो असतो, चहा तरी गरम मिळाला असता मला! खोटं बोलायचं सांगितलंय, हो, सांगितलंय! पण मी ते करत नाहीये, आई, मला खरंच येत नाहीये! एवढं साधं काम मला येत नाहीये आज, आणि तुम्हाला वाटतंय मी नाटक करतोय!"

"ओरडू नका," सासूबाई म्हणाल्या. "मी बहिरी नाही. आणि तुम्हाला खोटारडा कुणी म्हटलं? मी म्हटलं राहू द्या."

"नाही राहू देणार!"

"मग करा," त्या सुस्कारा टाकून म्हणाल्या. त्यांनी उशी सरळ केली आणि तोंड रस्त्याकडे करून बसल्या.

रागाच्या भरात मिस्त्रींनी स्कॅनरची वायर उपटली. इंजिन चालू केलं आणि वस्तादांच्या पद्धतीने एकेक पिन काढायला सुरुवात केली. नव्या कॉइलची पिन काढली, इंजिन आणखी धडधडलं. म्हणजे हा जिवंत. शेजारचा काढला, धडधडलं. त्याच्या शेजारचा, धडधडलं. शेवटी दुसऱ्या टोकाचा, बेल्टपासून लांबचा काढला. काही नाही. आवाज तसाच.

ते तसेच वाकून उभे राहिले. मग त्यांनी इंजिनाच्या एका टोकाच्या बेल्टकडे पाहिलं, दुसऱ्या टोकाच्या गिअरबॉक्सकडे पाहिलं, आणि पुन्हा बेल्टकडे पाहिलं.

बेकरीच्या व्हॅनमध्ये एक नंबरचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाजूला असतो. कंपनीने तसं का केलं कोण जाणे, पण तसंच. एकतीस वर्षं रोज त्या व्हॅन उघडून मिस्त्रींचा हातच तिकडून मोजायला शिकला होता. सासूबाईंच्या गाडीत, आणि जगातल्या बहुतेक गाड्यांत, एक नंबर बेल्टच्या बाजूला. हे मिस्त्रींना माहीत नव्हतं असं नाही. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण आज विचारलं कुणी? हाताने आपला उलटीकडून चार मोजला, आणि बिचाऱ्या धडधाकट पहिल्या सिलिंडरवर साडेतीन तास उपचार चालले. खरा चौथा पलीकडे जुन्या कॉइलसह निवांत मेलेला. सगळ्या वाहनांना आपल्याच गल्लीतली समजायची ही चूक फक्त बेकरीच्या व्हॅनवर वाढलेला माणूसच करू शकतो.

त्यांनी मागे पाहिलं. सासूबाई रस्त्याकडे पाहत होत्या. त्यांना काहीच कळलं नव्हतं. आता नुसतं बॉनेट लावायचं. नाही होत, एवढं म्हणायचं. खोटं ठरवणारं जगात कुणी नव्हतं, साडेतीन तासांची साक्ष समोर होती. बायको खूश, मेव्हणा खूश, फाटकाचा खांबही खूश. मिस्त्रींनी हे सगळं पुरतं समजून घेतलं. आणि समजून घेता घेताच त्यांच्या हातांनी जास्तीची नवी कॉइल उचलली, खऱ्या चौथ्यात दाबून बसवली आणि पिन लावली. इंजिन एकदम शांत झालं. मडगार्डवर ठेवलेला चहाचा कपसुद्धा थरथरेना.

"आई, मी गाढव आहे," मिस्त्री म्हणाले. "उलटीकडून मोजलं. झाली गाडी."

सासूबाईंनी वळून पाहिलं. मिस्त्रींना वाटलं होतं, एक तर त्या खूश होतील, नाहीतर साडेतीन तासांबद्दल खडसावतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. "झाली का?" एवढंच म्हणाल्या आणि थर्मासचं झाकण घट्ट लावू लागल्या, घट्ट असलेलंच.

मग मिस्त्रींनी मनाशी ठरवलं, की आता घंटा बांधायचीच. गाडीवर खोटा आळ घेऊन नाही, सरळ तोंडावर. हात पुसत ते समोर येऊन उभे राहिले.

"आई, गाडीला काही झालेलं नाही. पण मुलांना काळजी वाटते तुमची. ती बोलणार नाहीत, म्हणून मी बोलतो. कुठलंही काम केलं की फेरी मारल्याशिवाय मी गाडी देत नाही. आज तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. नीट चालवलीत तर मी स्वतः घरी सांगेन, की आईंच्या वाटेला जायचं नाही."

"आणि नाही चालवली तर?"

"तर तेही सांगेन."

"ते तर तुम्ही सांगालच," सासूबाई म्हणाल्या आणि किल्ली घेतली.

सुट्टीमुळे रस्ते मोकळे होते. गाडी लोण्यावरून सुरी जावी तशी चालली होती, आणि मिस्त्रींना स्वतःवरचा राग विसरून थोडा अभिमानही वाटायला लागला होता. सासूबाईंचे गिअर स्वच्छ पडत होते, वेग बेताचा, हात स्थिर. उगाच घाबरतात पोरं, असं त्यांच्या मनात आलं. शाळेजवळच्या चौकात सासूबाईंनी डावीकडे वळायला घेतलं. डाव्या अंगाला, अगदी दाराला लागून, सायकलवर एक बाई होती. लाल कोट, मागे भाजीची पिशवी. दिवसाढवळ्या दिसत होती. सासूबाई वळतच राहिल्या.

"आई!" मिस्त्रींनी ओरडून स्टिअरिंग धरलं. ब्रेक लागला. बाई कशीबशी फुटपाथवर चढली, सायकल आडवी झाली, बटाटे घरंगळले. बाईने उठून दोघांना अर्वाच्य शिव्या दिल्या आणि त्या दोघांनीही मान खाली घालून ऐकल्या. मिस्त्रींनी उतरून बटाटे गोळा करून दिले. ते परत आले तोवर सासूबाईंनी गाडी कडेला घेतली होती. इंजिन चालू होतं.

"ती तुम्हाला दिसली नाही," मिस्त्री म्हणाले.

"नाही."

"एवढी जवळ होती!"

"डावीकडचं नाही दिसत. नाकाच्या पलीकडे सगळं धुरकट. डोळ्यांच्या डॉक्टरने गाडी बंद करा म्हणून सांगितलंय. पाच महिने झाले."

"पाच महिने? आणि तुम्ही चालवत राहिलात? मेली असती ती बाई आत्ता! कुणाला सांगितलंत का नाही?"

"कुणाला सांगू?" सासूबाई एकदम उसळल्या. "जन्मभर दुसऱ्यांना सांगत आले मी. तुमचा पाय काढावा लागेल, तुमचा मुलगा गेला, सगळं सांगितलं, आवाज न कापता सांगितलं. हे नाही सांगता येत मला. दहा वेळा फोन हातात घेतला. आई आता आंधळी झाली, तिला कुणीतरी ने-आण करा, हे मीच कसं म्हणू? मग गेल्या आठवड्यात गाडी धक्के खायला लागली. देवासारखी वाटली मला ती. म्हटलं, आता ही जाईल. जावयाकडे नेऊ, तो नाही होत म्हणेल, आणि सुटू. कुणाला काही सांगायला नको."

मिस्त्रींनी उघडं राहिलेलं दार ओढून घेतलं.

"आणि तुम्ही!" सासूबाईंचा आवाज आता कापत होता. "साडेतीन तास! राहू द्या म्हटलं, तरी राहू देईनात! लेकीने सांगितलं, मी सांगितलं, अजून कुणी सांगायचं होतं? जगात एवढे मेकॅनिक पडलेत. दहातले नऊ नाही होत म्हणून हात झटकतात. माझ्याच नशिबी नेमका हा आला. एकदा, जन्मात एकदा नाही होत म्हणता आलं नाही का हो तुम्हाला?"

त्यांनी तोंड फिरवलं. मेट्रनला रडताना मिस्त्रींनी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांनी पाहू नये असं तिला वाटत होतं, म्हणून तेही समोरच्या काचेतून बघत राहिले. त्यांना राग आला होता, कीव आली होती, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांचा वैताग आला होता. समोरचं इंजिन इतकं छान चाललं होतं, की ते चालू आहे हेही कळत नव्हतं.

मिस्त्रींच्या खिशात फोन वाजला. बायकोच होती. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी हलकेच मान हलवली. हो अशी, की नको अशी, ते त्यांनाही माहीत नसावं. मिस्त्रींनी हात पुढे केला आणि किल्ली मागे फिरवली. इंजिन बंद झालं. फोनवर त्याचा आवाज जायला नको होता.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"नाही झालं."

"म्हणजे?"

"गेलं इंजिन. काही होणार नाही त्याचं आता. आईंना मी सोडतो घरी."

"कशातून सोडताय?"

"बेकरीची व्हॅन आहे गॅरेजात," मिस्त्री म्हणाले. एक खोटं बोललं की दुसरं आपोआप येतं हे त्यांना या वयात नव्याने कळत होतं.

पलीकडे बायकोचा आवाज खाली आला, आणि बंद गाडीत तो स्पष्ट ऐकू आला. "माझ्यासाठी म्हणताय ना हे? खरं सांगा. गाडी होण्यासारखी होती, आणि माझ्यासाठी नाही म्हणालात ना?"

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते. पुढचं वाक्य एकदा तोंडातून गेलं की स्पेअर पार्टवाल्यापर्यंत जाणार, मेव्हणा दर भेटीत उकरून काढणार, हे मिस्त्रींना दिसत होतं. तीन लाख सत्त्याऐंशी हजार चाललेली, आज सकाळपासून त्यांनी जीव ओतून नीट केलेली ती गाडी त्यांच्याभोवती गप्प उभी होती.

"नाही गं," ते म्हणाले. "प्रयत्न केला खूप. मला खरंच नाही जमलं."